लाकडाच्या भावाने पाणी विकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ‘चुलीवरचं’ म्हणून पान भरून छापलंत, चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, आणि आता म्हणे हायवेला चुलीवरचा चहा पण मिळतो आणि त्याला दहा रुपये जास्त. लेख बरा होता, फोटो झकास. पण आख्ख्या पानात लाकूड हा शब्द मला मोजून एकदा सापडला, तो पण ‘लाकडाच्या धुराचा खमंग वास’ असा. धूर खमंग लागायला माणूस हायवेवरच बसलेला पाहिजे, पहाटे साडेपाचला न्हाणीत उकिडवं बसून फुंकणी मारणाऱ्याला विचारा. म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय, कापाकापी करा, पण टेम्पोचा भाग तेवढा ठेवा.

मी दापोली तालुक्यातला, एकतीस वर्षं मुंबईत नोकरी केली आणि २०१८ च्या मार्चला रिटायर होऊन गावी घरी आलो. म्हणजे चाकरमानीच, गणपती-शिमग्याला येऊन खाऊन जाणारा. लाकूड या विषयातलं माझं ज्ञान तेव्हा एवढंच की ते मागीलदारी असतं.

आमच्याकडे गॅस नाही असं समजू नका. २०१६ ला उज्ज्वला आली त्याच्या आधीपासून वाडीतल्या निम्म्या घरांत होता, आता सगळ्यांकडे आहे. पण १४.२ किलोचा सिलिंडर स्वैपाकाला पुरवून पुरवून वापरायचा का सहा माणसांच्या आंघोळीला जाळायचा? गिझर पण आहे, पावसात लाईटचा भरवसा नाही म्हणून तो असून नसल्यासारखा, आणि छपरावर मुलाने बसवून दिलेला सोलर आहे तो जून ते सप्टेंबर नुसता शोभेला. तेव्हा आंघोळीचं पाणी तापतं न्हाणीच्या चुलीवर तांब्याच्या हंड्यात, आजोबांच्या वेळी तापायचं तसंच. आणि नुसत्या आंघोळीचं नाही हं. थंड देशात लोक घर गरम ठेवायला लाकूड जाळतात, आमच्याकडे पावसाळ्यात घर कोरडं ठेवायला जाळावं लागतं. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जांभ्याच्या भिंतींना जुलैत हात लावला तर ओला होतो, आणि त्यात कोरडी जागा एकच, चुलीच्या वर टांगलेला बांबूचा ताटवा. तिथे नातवंडांचे युनिफॉर्म वाळतात, आमसुलं असतात, सुकी मासळी असते, पुढच्या सालचं बियाणं असतं, एकदा माझा मोबाईल पण तिथेच वाळून पुन्हा चालू झालेला आहे. ती चूल विझली की दोन दिवसात घराला बुरशीचा वास मारायला लागतो.

तर आता टेम्पो.

पहिल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी एकाकडून एक टन लाकूड घेतलं. नाव लिहीत नाही, त्याचं एकट्याचं काही नाही, सगळे तसंच विकतात. किलोवर रेट, काट्याची पावती, सगळं कसं व्यवस्थित. किंजळ आणि ऐन होतं, काजूचं थोडं. टेम्पो मागीलदारी रिकामा झाला, मी खूष, ताजं लाकूड, कापलेल्या तोंडाला छान ओलसर रंग, वास तर असा की जंगलात उभं असल्यासारखं. भाजी घेताना ताजी बघून घ्यायची सवय मुंबईची, तीच लावली. शेजारची काकी गडग्यावरून बघत होती. तिचं वय तेव्हा एकोणऐंशी. खाली येऊन तिने एक ओंडका उचलला, परत टाकला, दुसरा उचलून पहिल्यावर आपटला, थप असा आवाज आला. मला म्हणाली, “मेल्या, लाकूड घेतलंस की विहीर?”

मला राग आला, खरं सांगतो. पण मग तिने आपल्या खोपीतली दोन लाकडं आणून एकमेकांवर आपटून दाखवली, ती टण् वाजली, जवळजवळ कांशाचं भांडं वाजतं तशी. वाळलेलं लाकूड वाजतं, ओलं थपकतं. त्याच्या टोकाला मधून कडेकडे गेलेल्या भेगा असतात, साल नखाने सुटते, आणि हातात घेतलं की दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं. एवढं बघायला काही मशीन लागत नाही, आणि एवढंही मला माहीत नव्हतं म्हणूनच त्या टेम्पोवाल्याने मला ओळखलं.

मी जरा हिशेबी माणूस आहे. त्या ढिगातली किंजळाची एक फोडलेली ढलपी घेतली, ताणकाट्याला लावली, ३ किलो २०० ग्रॅम. तिच्यावर खडूने लिहिलं आणि चुलीच्या वरच्या ताटव्यावर ठेवून दिली, घरातले हसले. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी आठवण झाली म्हणून काढून परत लावली तर २ किलो १००. एका ढलपीत लिटरभर पाणी होतं आणि ते मी किलोच्या भावाने विकत घेतलं होतं. बिसलेरी स्वस्त पडली नसती पण निदान पिता तरी आली असती.

याचं गणित सोपं आहे, तुमच्या वाचकांनी पण करून बघावं. नुकत्याच तोडलेल्या लाकडात साधारण निम्मं वजन पाण्याचं असतं, जातीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. १०० किलो ओलं घेतलंत तर ५० किलो लाकूड आणि ५० लिटर पाणी आलं. तेच नीट वाळून पाणी २० टक्क्यांवर आलं की काट्यावर भरतं साडेबासष्ट किलो. आता तो वाळेपर्यंत धीर नाही म्हणून ओलंच चुलीत घातलं तर काय, तर आधी ते पाणी उकळून वाफ होऊन जावं लागतं, त्याशिवाय लाकूड पेटत नाही. एक लिटर पाणी ३० अंशावरून १०० वर न्यायला ७० किलोकॅलरी आणि त्याची वाफ करायला वर ५४०, झाले ६१०. आणि १५ लिटरची आंघोळीची बादली २५ अंशावरून ४५ वर आणायला लागतात ३००. म्हणजे लाकडातलं एक लिटर पाणी उडवण्यात जी आग जाते तिच्यात दोघांच्या आंघोळी झाल्या असत्या, तेही आग सगळीच्या सगळी हंड्याला लागली असती तर, आणि ती लागत नाही, साध्या चुलीत दहातला एक, फार तर दीड हिस्सा भांड्यापर्यंत पोचतो.

शिवाय धूर. लाकूड तापलं की त्यातून गॅस सुटतात, खरी ज्योत त्यांचीच असते, पण आग थंड असेल तर ते पेटत नाहीत, तसेच धूर होऊन घरभर फिरतात, हंड्याच्या बुडाला डांबरासारखं काळं चिकट बसतं आणि माणसाच्या छातीत काय बसतं ते काकीचा खोकला ऐकून कळतं. घरातल्या धुराने जगात २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चूलच बंद करा म्हणणारे म्हणतात ते खोटं नाही. पण जोवर ती पेटतेच आहे तोवर तिच्यात सुकं लाकूड घालायला काय हरकत आहे, आणि ते सुकं मिळावं यासाठी आजपर्यंत कुठली योजना, कुठलं पोस्टर, कुठला मेळावा मी तरी बघितलेला नाही.

जुनी माणसं हे सगळं करत होती, कॅलरी न मोजता. पौष-माघात तोड, म्हणजे पावसाला चांगले चार-पाच महिने. त्याच सुमारास ऐन-किंजळाची कवळं, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडून भाजावळीला, म्हणजे भाताचं रोप करायची जमीन भाजायला, ठेवायची, त्यातलीच मनगटाएवढी जाड निघाली ती जळणाला बाजूला. झाड मारायचं नाही, शेंडा ठेवून फांद्या घ्यायच्या, तीन-चार वर्षांनी तेच झाड परत देतं. मग हातभर तुकडे करायचे आणि होळीच्या आत फोडून टाकायचं. फोडायचं का, तर पाणी लाकडाच्या उभ्या नळ्यांमधून वर चढलेलं असतं ते तसंच टोकातून बाहेर पडतं, सालीतून फारसं नाही, म्हणून लांबच्या लांब ओंडका सालीसकट दोन वर्षं पडून राहिला तरी पोटात ओलाच. तुकडा जेवढा आखूड आणि जेवढा फोडलेला तेवढा लवकर वाळतो. ऐनाची साल तर मगरीच्या पाठीसारखी, ती काय पाणी सोडतेय.

होळीच्या आत याला आणखी एक कारण आहे, पोरं. शिमग्यात होळीला लाकडं चोरायची आपल्याकडे परंपरा, कोणी तक्रार करत नाही आणि करायची पण नसते. पण एक बघून ठेवलंय, पोरं कधीही ओलं लाकूड चोरत नाहीत. माझी पहिल्या वर्षीची रास शिमग्याला कोणी हात न लावता जशीच्या तशी राहिली त्याचा जो अपमान वाटला तो वेगळाच.

फोडायला मी काकीच्या मुलाकडून शिकलो, साठाव्या वर्षी. सुरुवातीला जोर लावायचो आणि कुऱ्हाड अडकून बसायची, मग ती काढण्यातच अर्धा तास. तोडायची कुऱ्हाड पातळ असते, फोडायला जाड पाहिजे, जी आत गेल्यावर दोन्हीकडे ढकलते, ती आमच्या पडवीत गंजून पडलेली होतीच, मला फरक माहीत नव्हता. ओंडका जमिनीवर न ठेवता दुसऱ्या रुंद ओंडक्यावर उभा करायचा, नाहीतर अर्धा घाव माती खाते आणि धार दगडाला लागते. टोकावर आधीच एखादी चीर गेलेली असते, ती बघायची, घाव तिच्या रेषेत. मोठा बुंधा असेल तर मधोमध नाही मारायचं, कडेकडेच्या ढलप्या काढत यायचं. गाठ खाली ठेवायची. रायवळ आंब्याचा बुंधा पिळाचा असतो, तो कुऱ्हाडीने नाही फुटत, त्याला लोखंडाची पाचर आणि घण, आणि तरीही नाही फुटला तर बसायला ठेवायचा, आमच्याकडे असे तीन स्टूल आहेत. काजू फुटायला सोपं पण धूर डोळ्याला झोंबतो. सुरूचं लाकूड मिळालं तर सोडू नये, किनाऱ्यावरच्या वादळात पडलेलं कधी कधी मिळतं, आगीला कोळशासारखं. पांगारा आणि सावर फुकट दिली तरी नको. उंबराला हात लावायचा नाही हे सांगायला नको. आणि एक युक्ती, स्कूटरचा जुना टायर घ्यायचा, ओंडका त्यात उभा करून फोडायचा, ढलप्या उडून नडगीवर येत नाहीत, सगळ्या टायरमध्येच उभ्या राहतात, उचलायला पण वाकावं लागत नाही. ही मात्र माझी स्वतःची भर, काकीच्या मुलाने पण उचललीय.

आणि मग रचणं. यात पण मी मार खाल्ला. पहिल्या वर्षी घराच्या भिंतीला लावून रास केली, वरून निळं प्लास्टिक पार जमिनीपर्यंत, कडांना दगड, म्हटलं आता बघू कुठून येतं पाणी. पाणी बाहेरून आलंच नाही, आतलंच बाहेर पडू शकलं नाही. ऑगस्टमध्ये प्लास्टिक उचललं तर आतल्या बाजूने थेंब लोंबत होते आणि लाकडांवर पांढऱ्या अळंब्या, खालच्या थराला वाळवी. लाकडाला डोक्यावर टोपी पाहिजे, अंगात रेनकोट नको. आता मी जांभ्याचे चिरे मांडून त्यावर दोन वासे टाकतो, त्यावर रचतो, वीतभर खालून वारा जातो. भिंतीपासून हातभर लांब. टोकांना उभ्या-आडव्या चौकटी, म्हणजे रास ढासळत नाही, आणि वरून झापं, नारळाची चुडतं विणून केलेली. झापातून पाऊस गळत नाही आणि वारा खेळतो. हल्ली झापं विणणारी माणसं राहिली नाहीत म्हणून वर पत्रा टाकला तरी चालतो, बाजू उघड्या पाहिजेत एवढंच.

भिंतीपासून लांब याला दुसरं कारण फुरसं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा, लाकडाच्या राशीत आरामात मावणारा विषारी साप, रत्नागिरी जिल्ह्यात भरपूर. आणि विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर उपचार शोधून काढला म्हणून, नाहीतर आमच्या लहानपणी विंचू चावून पोरं दगावायची हे मी डोळ्यांनी बघितलंय. राशीत हात घालायच्या आधी काठीने दोन वेळा ठोकायचं, वरचं लाकूड आधी, मधलं ओढायचं नाही, आणि अंधारात तर नाहीच नाही. आमच्याकडे संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी उद्याची लाकडं न्हाणीत आणून ठेवायचा नियम आहे तो त्याच्यासाठी. लहानपणी मला वाटायचं लक्ष्मी रागावते म्हणून.

माझा भाचा नॉर्वेत असतो. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला मामा, इथे तर याचं वेड आहे. तिकडे लोक बर्चची झाडं हिवाळ्याच्या शेवटाला, पालवी फुटायच्या आधी पाडतात, लगेच फोडतात, उन्हाळाभर वाऱ्यावर रचून ठेवतात आणि पुढच्या बर्फात जाळतात. आपण पावसासाठी करतो तेच, फक्त नक्षत्रं वेगळी. २०१३ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी टीव्हीने म्हणे एका रात्री लाकूड या विषयावर सलग बारा तास कार्यक्रम केला, त्यात आठ तास नुसती शेकोटी पेटलेली, आणि लोकांनी बघितला! चालू असतानाच तक्रारींचे मेसेज यायला लागले, निम्म्यांचं म्हणणं लाकूड रचताना साल वर पाहिजे आणि निम्म्यांचं साल खाली. मी काकीला विचारलं, साल वर की खाली. ती म्हणाली पाऊस वरून येतो ना, मग साल वर. नॉर्वेचा प्रश्न मिटला.

पण भाच्याने सांगितलेली खरी कामाची गोष्ट पुढेच आहे. तिथे लाकूड किलोवर विकत नाहीत. मापावर विकतात, ४० लिटरची पोती, ६० लिटरची पोती, मोठी हजार लिटरची, नाहीतर रचलेल्या ढिगाचं माप. अमेरिकेत पण तसंच, तिथे कॉर्ड म्हणून माप आहे, रचलेलं १२८ घनफूट. कारण साधं आहे, लाकूड वाळलं की वजन जवळजवळ चाळीस टक्के उतरतं पण आकार थोडासाच कमी होतो. मापावर विकलं की विकणाऱ्याला ओलं विकण्यात फायदाच राहत नाही. किलोवर विकलं की जो प्रामाणिकपणे सहा महिने वाळवतो तो बिचारा नुकसानीत आणि जो काल तोडून आज काट्यावर चढवतो तो फायद्यात. आपल्याकडे रेती, खडी, चिऱ्याचे तुकडे ब्रासवर मोजतात, शंभर घनफूट, टेम्पोवाल्याला ते तोंडपाठ आहे. मग लाकूडच का किलोवर? कोणी म्हणेल मापात पण फसवतील, पोकळ रचतील. रचू देत. राशीतली पोकळी डोळ्यांना दिसते, मधून मांजर जात असेल तर सांगता येतं, बाबा रे परत रच. लाकडाच्या पोटातलं पाणी मला दिसत नाही.

हे नुसतं पैशाचं पण नाही, ते निसर्ग वादळात कळलं. ३ जून २०२०. लॉकडाऊनमुळे मुंबईचे सगळे घरी आलेले, घरात अकरा माणसं. सकाळपासून सुरू झालं ते दुपारपर्यंत, कौलं पत्ते उडावे तशी उडत होती, माझ्या डोळ्यांदेखत सत्तावीस पोफळी आणि दोन हापूसची कलमं गेली. लाईट गेली ती महिन्यावर आली नाही. रस्ते झाडांनी बंद, सिलिंडरची गाडी येणार कुठून. आणि गंमत बघा, ज्याच्या त्याच्या दारात टनांनी लाकूड आडवं पडलेलं आणि चुलीत घालायला काडी नाही, कारण ते सगळं जिवंत, पाण्याने भरलेलं, वरून चार दिवसात मिरगाचा पाऊस. त्या पावसाळ्यात ते लाकूड कोणालाच पेटवता आलं नाही, पुढच्या शिमग्यापर्यंत थांबायला लागलं. आमची खोप उभी राहिली होती, पत्रा उडाला पण रास जागेवर, मग सगळ्यांनी मिळून ताडपत्री टाकली आणि पुढचे पंधरा दिवस वाडीतली चार घरं त्याच्यावर चालली. काकीच्या घरचं छप्पर गेलं होतं, तिची लाकडं भिजली, तेव्हा ती पण आमच्याकडून नेत होती. दर वेळी दोन आपटून बघायची, मग भाऱ्यात घालायची. तोंडाने काही बोलली नाही, पण एकही परत ठेवलं नाही हे मी बघत होतो.

आता हे ओलं लाकूड ऐन मे महिन्यात येतं कुठून, तर आमच्या जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, बहुतेक सगळं खाजगी मालकीचं. मालक मुंबईत, ठेकेदार उभं रान विकत घेतो, मशीन लावून एका आठवड्यात साफ करतो, जाड लाकडाचे ट्रक घाटावर जातात आणि उरलेलं बारीक सारीक पाऊस यायच्या आत आमच्यासारख्यांच्या गळ्यात. १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा आहे, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही सगळी झाडं त्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगी असते की नसते या वादात मी आत्ता पडत नाही, त्याच्यावर तुम्ही पुरवणी काढा, चुलीवरच्या चहापेक्षा जास्त खपेल. माझं म्हणणं बारकं आहे. परवानगी देताना तोडीचा हंगाम माघाच्या आत ठरवून द्या आणि जळण म्हणून विकायचं असेल तर पावतीवर तोडीचा महिना लिहायची सक्ती करा. औषधाच्या पाकिटावर तारीख असते, ब्रेडवर असते, मग पाचशे किलो लाकडाच्या पावतीवर एक ओळ लिहायला काय जातंय. वैधमापन खात्याने मनावर घेतलं तर किलोच्या जागी ब्रास करणं काही अवघड नाही. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, त्यात वनशास्त्राचं कॉलेज आहे, त्यांनी आमच्या हवेत कुठलं लाकूड किती दिवसात वाळतं याचा एक साधा तक्ता करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला तर आम्ही रोज वाचू, खरंच वाचू, तिथे दुसरं काही वाचण्यासारखं नसतं.

स्मशानाचं पण लिहायला पाहिजे, नको वाटतं तरी. एका दहनाला अडीचशे-तीनशे किलो लाकूड लागतं. आमच्या गावच्या स्मशानात शेड आहे पण लाकूड साठवायला जागा नाही, ज्याच्या घरी मयत होईल त्याने आयत्या वेळी आणायचं. मागच्या जुलैत एका घरी हे झालं. लाकूड आलं ते टेम्पोतून, वरून भिजलेलं आणि आतूनही ओलं. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल ओतलं, टायर टाकायची वेळ आली, कोणाच्या तरी खोपीतून सुकी लाकडं आणली तेव्हा संध्याकाळी कुठे नीट पेटलं. म्हातारीचा मुलगा सहा तास उभा होता तिथे. ग्रामपंचायतीने पत्र्याची एक उघडी शेड बांधून हिवाळ्यात चार टन लाकूड फोडून रचून ठेवलं तर खर्च किती येणार, गावच्या कमानीच्या रंगरंगोटीपेक्षा कमीच. ग्रामसभेत मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा इतर विषय या सदरात नोंदला गेला.

बाकी आमचं म्हणाल तर यंदाचं लाकूड फोडून झालंय, सव्वा ब्रास भरलं, निम्मं गेल्या वर्षीचं शिल्लक आहे. काकी आता पंच्याऐंशीच्या पुढे गेली, गडग्यापर्यंत येते, राशीकडे बघते, काही बोलत नाही, हे आमच्याकडे शाबासकी धरतात. परवा त्याच टेम्पोवाल्याचा फोन आला, काका एक गाडी आहे, एकदम ताजा माल, अर्ध्या तासात टाकतो. मी विचारलं तोड कधीची. म्हणाला कालचीच. म्हटलं मग पुढच्या मे महिन्यात आण, तेव्हा घेतो, ब्रासवर. तो हसला आणि म्हणाला काका तुम्ही आता गाववाले झालात, आणि फोन ठेवून दिलान.

आपला,
एक वाचक
दापोली तालुका, जि. रत्नागिरी

ता. क. साल वर की खाली यावर तुमच्या वाचकांची काही वेगळी मतं असतील तर जरूर छापा, भाच्याला पाठवायची आहेत.